गोदाकाठचा सिंह

ब्रिटनमधल्या ‘ओसीआर’ या परीक्षा मंडळाच्या माध्यम अभ्यास विषयात काही वर्षांपूर्वीपर्यंत एक प्रकल्प असे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी एका नव्या चित्रपटाचा छोटा ट्रेलर करायचा, आणि त्याच्या जोडीला पोस्टर, सिनेमासिकाचं मुखपृष्ठ किंवा संकेतस्थळाचं पहिलं पान यांपैकी दोन गोष्टी तयार करायच्या. चित्रपट मात्र करायचा नसे. पोस्टरवर ज्याचं नाव झळकायचं तो चित्रपट कुठे अस्तित्वातच नव्हता. मुलं हौसेने थरारपट किंवा भयपट निवडत, कारण त्याला पैसे लागत नाहीत: एक मैत्रीण, एक रिकामा जिना, एक टॉर्च आणि तिन्हीसांजेची वेळ एवढ्यावर भागतं. पुण्या-मुंबईत लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्यांचा हिशेबही फारसा वेगळा नसतो.

पोस्टर करायला बसलं की पहिली अडचण तत्त्वज्ञानाची येत नाही. चित्रीकरणाच्या धांदलीत वेगळे फोटो काढायचे राहून गेलेले असतात. मग व्हिडिओतलीच एखादी फ्रेम उचलली जाते. फुल एचडी फ्रेम १९२० पिक्सेल रुंद असते. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ती साडेसहा इंचही भरत नाही. अमेरिकेत चित्रपटगृहाबाहेर लागणारं पोस्टर २७ बाय ४० इंचांचं असतं. फ्रेम तेवढी ताणली की चेहरा फुटतो. फुटलेला चेहरा झाकायला त्यावर कणीदार पोत चढतो, अर्धा गाल काळोखात ढकलला जातो, कडा काळवंडतात, आणि बघता बघता चित्र भीतीदायक दिसू लागतं. विद्यार्थ्यांच्या थरारपटांच्या पोस्टरांवर इतका अंधार का, याचं अर्धं उत्तर या गणितात आहे. वर ओरखडे उमटलेल्या अक्षरांत लाल शीर्षक, तळाशी दाटीवाटीने नावं, की काम संपलं.

अंधार कसाही आलेला असो, तो काहीतरी झाकतो, आणि पोस्टर भिंतीवर चढलं की झाकण्याचा हिशेब कुणाला तरी द्यावा लागतो. पोस्टर रस्त्याने जाणाऱ्याला काही सांगत असेल, तर ते खरं बोलायला बांधील आहे का? लपवणं आणि फसवणं यांच्यामधली रेघ नेमकी कुठे? आकृतिबंध, रंगसंगती, अक्षरांची निवड या सगळ्यांना गुण मिळतात. हा प्रश्न गुणांच्या तक्त्याबाहेर राहतो. खरं तर पोस्टर करणाऱ्याने सगळ्यात आधी सोडवावा असा हा प्रश्न आहे.

नसलेल्या चित्रपटाचं पोस्टर खोटं म्हणावं का, इथूनच सुरुवात करता येते. पतंजलीने चित्ताच्या पाच वृत्ती सांगताना विपर्यय आणि विकल्प यांना वेगवेगळ्या घरांत बसवलं. दोरी पाहून साप वाटणं हा विपर्यय, म्हणजे चूक. ज्याच्यामागे वस्तू नाही, पण शब्द ऐकल्यावर मनात काहीतरी उभं राहतं, तो विकल्प. परीक्षेसाठी केलेलं पोस्टर या दुसऱ्या घरातलं आहे. बघणाऱ्या शिक्षकांना आणि करणाऱ्या मुलांना, दोघांनाही ठाऊक असतं की मागे चित्रपट नाही. कुणाची दिशाभूल होत नाही आणि कल्पनेला मात्र भरपूर वाव मिळतो. पंचाईत होते ती विकल्पाला प्रमाणाचे, म्हणजे खऱ्या ज्ञानाचे, कपडे चढवले जातात तेव्हा.

थरारपटाच्या पोस्टरला लपवण्यावाचून गत्यंतर नाही. कौटुंबिक चित्रपटाच्या पोस्टरवर सगळं कुटुंब ओळीने उभं करता येतं. खून कुणी केला हे ज्याच्या पोटात आहे, त्या चित्रपटाला तसं करता येत नाही. हिचकॉकचा ‘सायको’ १९६० साली आला, तेव्हा त्याच्या पोस्टरवर जॅनेट ली ठळकपणे दाखवली होती. ती त्या चित्रपटातली नावाजलेली तारका. साहजिकच प्रेक्षक तिची गोष्ट पाहायला आले, आणि चित्रपट निम्म्यावर येण्याआधीच न्हाणीघरात तिचा खून झाला. चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, हा नियम हिचकॉकने जाहिरातीतूनच घालून दिला होता, तोही याचसाठी. उशिरा आलेला माणूस पोस्टरवरच्या बाईला शोधत बसला असता.

ही फसवणूक होती का? पोस्टरवरची बाई चित्रपटात होती आणि प्रमुखही होती. ती किती वेळ राहणार हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि प्रेक्षक धक्का खायलाच घरातून निघाला होता. त्याने तिकिटाबरोबर धक्क्यालाही होकार दिलेला होता. या होकारामुळे हिचकॉकचं लपवणं निर्मळ राहतं.

त्याहून उंचीचं काम १९६८च्या ‘रोझमेरीज बेबी’च्या पोस्टरने केलं. हिरवट छटेत आडवा पडलेला मिया फॅरोचा चेहरा, आणि त्यावर एका खडकाळ उंचवट्यावर काळी, एकटी बाबागाडी. गाडीत काय आहे ते दिसत नाही. दिग्दर्शक पोलान्स्कीने चित्रपटातही ते बाळ धडपणे दाखवलेलं नाही. भीतीचा सगळा ऐवज समोर मांडलेला आहे, आत डोकावून पाहण्याचं काम तेवढं बघणाऱ्यावर सोडलं आहे. त्या पोस्टरमध्ये खोटी म्हणावी अशी एक रेषा सापडत नाही.

सूचनेतून भीती उभी करण्याची ही कला गोदावरीच्या काठाला फार जुनी ओळखीची आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त, महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या संग्रहात, एक गाथा आहे. टीकाकारांनी तिचा प्रसंग असा उलगडला आहे: नदीकाठच्या दाट झाडीत एका स्त्रीची प्रियकराला भेटण्याची जागा आहे, आणि एक धार्मिक गृहस्थ फुलं तोडायला नेमका तिथेच येऊ लागला आहे. गृहस्थ भित्रा, तिथल्या कुत्र्यालाही बिचकणारा. ती त्याला दिलासा दिल्यासारखं सांगते की आता निर्धास्त फिरा, ते कुत्रं राहिलं नाही, झाडीतल्या सिंहाने त्याचा निकाल लावला. शब्दांनी आमंत्रण दिलं, अर्थाने वाट बंद केली. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धांत मांडताना हीच गाथा उदाहरणादाखल घेतली: वाच्य अर्थ विधीचा, सुचलेला अर्थ निषेधाचा.

रसिक या गाथेवर शतकानुशतकं खूश आहेत, आणि ती आहेच तशी. पण तिच्यात ऐकणारे दोन आहेत. एक तो गृहस्थ, दुसरा वाचक. सिंह कुणी पाहिलेला नाही. बहुधा तो नाहीच. वाचकाला हे कळतं म्हणून तो त्या स्त्रीच्या चातुर्यावर लुब्ध होतो. गृहस्थाला कळत नाही, म्हणून तो खरोखर घाबरून घरी जातो. वाचकाच्या वाट्याला काव्य आलं आणि गृहस्थाच्या वाट्याला नुसतं भय. थरारपटाचं पोस्टर करणाऱ्या प्रत्येकाने हे ठरवायला हवं की भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला या दोघांपैकी कोणती जागा द्यायची.

नाटकातलं भय आणि रस्त्यातलं भय यांत फरक काय, यावर काश्मीरच्या पंडितांनी जितका बारीक विचार केला तितका फार थोड्यांनी केला असेल. शंकुकाने तर उदाहरणच चित्राचं घेतलं. रामाच्या वेशातला नट पाहून होणारं ज्ञान खरंही नाही आणि खोटंही नाही. त्यात शंका नाही, आणि ‘रामासारखा कुणीतरी’ अशी तुलनाही नाही. चित्रातला घोडा पाहून लहान मूलही त्याला घोडा म्हणतं, तरी त्यावर बसायला धावत नाही. हा चित्रतुरगन्याय. शंकुकाचं अनुकरणाबद्दलचं मत पुढे अभिनवगुप्ताने खोडून काढलं, पण चित्रासमोर माणसाचं मन खऱ्याखोट्याच्या नेहमीच्या तराजूतून बाहेर पडतं ही त्याची पकड आजही पक्की आहे. भिंतीवरच्या पोस्टरचा तर तो पायाच आहे.

दहाव्या-अकराव्या शतकातला अभिनवगुप्त पुढे जातो. भयानक रसासाठी त्याने ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातलं, दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून वळवून पळणारं हरीण निवडलं. ते हरीण पाहताना प्रेक्षकाला ‘मी भ्यालो’ असं वाटत नाही, ‘तिकडचं ते अमुक हरीण भ्यालं’ असंही वाटत नाही. भीती देशकालातून सुटते, कुणाच्याही मालकीची राहत नाही, आणि म्हणून ती चाखता येते. खऱ्या आयुष्यात भ्यालेला माणूस पळतो, लपतो, मदतीला हाका मारतो. चाखत बसत नाही. अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली, त्यांतलं एक म्हणजे आपल्या किंवा दुसऱ्याच्या विशिष्ट स्थळकाळात मन अडकून पडणं. त्यावरचा इलाजही त्याने सांगितला: पूर्वरंग, प्रस्तावना, नटाचा मुकुट आणि वेश. नाटक सुरू होण्याआधी सूत्रधार पुढे येऊन हे नाटक आहे असं सांगतो, तेव्हा तो रंगाचा बेरंग करत नाही. तो प्रेक्षकाला निर्धास्तपणे घाबरायची मुभा देतो.

कोकण-गोव्याच्या दशावतारात ही व्यवस्था आजही जिवंत आहे. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग काळ्या वेशातला संकासुर, आणि नंतर आख्यान. पुढच्या रांगेतली पोरं संकासुराला बघून आईच्या पदराआड जातात, आणि पुढच्या खेळालाही पुन्हा पुढेच येऊन बसतात. तमाशाचा गण आणि संगीत नाटकाची नांदी याच घरातल्या.

चित्रपटगृहात सूत्रधार नाही. त्याचं काम पोस्टरवर येऊन पडलं आहे. शीर्षक, दिग्दर्शकाचं नाव आणि तळाशी दाटीवाटीने छापलेली, वाचायला जवळ जावं लागेल अशी ती श्रेयनामावली, हा आजचा पूर्वरंग. विद्यार्थ्यांच्या पोस्टरवर ही नामावली बहुतेक वेळा ‘खऱ्या पोस्टरवर असते म्हणून’ येते. छायाचित्रणापासून चहापाण्यापर्यंत एकाच मुलीचं नाव चार ठिकाणी असतं. नामावलीचं खरं काम त्याहून मोठं आहे. समोरच्या मुलीच्या गळ्यावरची सुरी म्हणजे चित्रातला घोडा आहे, हे ती सांगते.

ही ओळ काढून टाकली तर काय होतं, याचा सगळ्यात मोठा प्रयोग १९९९ साली झाला. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या चित्रपट विभागात भेटलेले दोन तरुण. त्यांच्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ची गोष्टही विद्यार्थ्यांचीच: १९९४च्या ऑक्टोबरमध्ये मेरीलँड राज्यातल्या बर्किट्सव्हिलजवळच्या जंगलात माहितीपट करायला गेलेले तीन विद्यार्थी नाहीसे होतात आणि वर्षभराने त्यांनी केलेलं चित्रीकरण सापडतं. चित्रपट १९९७च्या ऑक्टोबरमध्ये आठ दिवसांत झाला. कॅमेरे नटांच्याच हातात होते. हेदर डोनाह्यू, जोशुआ लेनर्ड, मायकल विल्यम्स ही नटांची खरी नावं पात्रांनाही दिली होती.

१९९९च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला तेव्हा तिथे पत्रकं वाटली गेली. त्यावर तिघांचे फोटो आणि ‘बेपत्ता’ असा मथळा. कुणीतरी हरवल्यावर घरचे जसं पत्रक काढतात, तसंच. शीर्षक नाही, दिग्दर्शक नाही, श्रेयनामावली नाही. इंटरनेटवरच्या चित्रपटसूचीत तिन्ही नट ‘बेपत्ता, बहुधा मृत’ असे नोंदवले गेले. नटांना लोकांसमोर येऊ नका असं सांगण्यात आलं. प्रदर्शनाच्या सुमारास दूरचित्रवाणीवर बनावट माहितीपट दाखवला गेला. अगदी थोडक्या पैशांत चित्रित झालेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर मिळवले, आणि जाहिरातशास्त्राच्या वर्गात तो यशाचा नमुना म्हणून आजही शिकवला जातो.

त्या वर्गांत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हेदर डोनाह्यूच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. मुलगी धडधाकट होती आणि आईला माहीत नसलेल्या माणसांकडून तिच्या मृत्यूबद्दल दुःख कळवणारी पत्रं येत होती. पत्रं लिहिणाऱ्यांची चूक काय? त्यांच्यासमोर नाव होतं, गाव होतं, वर्ष होतं, चेहरा होता. अभिनवगुप्त ज्याला विघ्न म्हणतो ते सगळं कागदाच्या एका पानावर मुद्दाम गोळा केलेलं होतं. अशा पानासमोर माणसाला करुण रस मिळत नाही; त्याला शोक होतो आणि तो टपालपेटीकडे जातो. जेमतेम दोनशे वस्तीच्या बर्किट्सव्हिलला तर उत्साही लोकांचा लोंढाच सोसावा लागला. गावाच्या नावाच्या पाट्या चोरीला गेल्या.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं: पण भीती केवढी वाटली! खरं मानल्यामुळेच प्रेक्षकांची बोबडी वळली, मग कलेचा हेतू साधलाच की. हे उत्तर वरवर बिनतोड वाटतं. पण खोटं आहे हे ठाऊक असल्याने भीती कमी होते, या गृहीतकावर ते उभं आहे, आणि ते गृहीतक महाराष्ट्रातल्या सिनेमाने फार लवकर मोडीत काढलं. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. कीचकाचा वध होणार हे पुण्यातल्या कुठल्याही प्रेक्षकाला आजीच्या मांडीवर असल्यापासून माहीत होतं. भीम कोण, कीचक कोण, शेवट काय, काही म्हणजे काही लपलेलं नव्हतं. तरी ते दृश्य इतकं अंगावर आलं की सरकारी सेन्सॉरने ते कापायला लावलं. बाबुराव स्वतः आपल्या चित्रपटांची पोस्टरं रंगवत, आणि पुराणातल्या प्रसंगाला खऱ्या माणसाचं मरण म्हणून खपवायची गरज त्यांना पडली नाही. भीती निर्माण झाली ती प्रकाश, हालचाल आणि नटांच्या कामातून.

‘ब्लेअर विच’देखील आज सगळं ठाऊक असूनही रात्री एकट्याने पाहवत नाही. अंधारात मोडणाऱ्या काड्यांचा आवाज आणि अंगावर येणारा तो चेहरा स्वतःच्या बळावर काम करतात. म्हणजे पत्रकातल्या खोट्याने चित्रपटाची कला वाढवली नव्हती. तिकिटांची विक्री वाढवली होती. दोन्ही गोष्टींची गल्लत करून विद्यार्थ्यांना शिकवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

असं आधीही झालं होतं, नंतरही झालं. इटालियन दिग्दर्शक रुज्जेरो देओदातो याने ‘कॅनिबल होलोकॉस्ट’साठी नटांना वर्षभर नाहीसं व्हायला सांगितलं. १९८०मध्ये चित्रपट लागल्यावर प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं की नट जिवंत आहेत हे त्याला न्यायव्यवस्थेसमोर दाखवून द्यावं लागलं. पुढे २००९मध्ये ‘द फोर्थ काइंड’च्या प्रचारासाठी अलास्कातल्या खऱ्या वृत्तपत्रांच्या नावाने बनावट बातम्या इंटरनेटवर ठेवल्या गेल्या, आणि वितरक कंपनीला तिथल्या पत्रकार संघटनेशी पैसे देऊन तडजोड करावी लागली.

श्रेयनामावली छापली की जबाबदारी संपली, असंही नाही. मराठी माणसाला ‘नरो वा कुंजरो वा’चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. द्रोणपर्वात युधिष्ठिर ‘हत्ती’ हा शब्द उच्चारतो, पण द्रोणाचार्यांच्या कानी पडणार नाही असा. तोवर जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ त्याक्षणी खाली टेकतो. व्यासांनी इथे शब्दाची नोंद तपासली नाही, ऐकणाऱ्याच्या मनात काय पोचलं ते तपासलं. काळ्या पार्श्वभूमीवर काळपट करड्या रंगात, कुणालाही वाचता येणार नाही अशी छापलेली नामावली म्हणजे हळू आवाजातला तो हत्तीच. सूचना नुसती असून चालत नाही, ती लागायला हवी.

होकाराचा प्रश्न आणखी एका बाजूने येतो. तिकीट काढणारा स्वतःहून येतो. पोस्टर मात्र वाटेवर उभं असतं आणि शाळेतून परतणाऱ्या पोरालाही गाठतं. २००७च्या मार्चमध्ये ‘कॅप्टिव्हिटी’ या चित्रपटाचे फलक लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर आणि न्यूयॉर्कच्या टॅक्स्यांवर झळकले. चार चौकटी: एका तरुणीचं अपहरण, तिला डांबणं, तिचा छळ आणि तिचा शेवट. अमेरिकी चित्रपटसंघाने हे चित्र नाकारलेलं होतं, तरी ते लागलं. पालक खवळले, फलक उतरवावे लागले, आणि संघाने चित्रपटाचं प्रमाणन महिनाभर थांबवून ठेवलं. इथे प्रश्न खोटेपणाचा नव्हता. तरी ते चुकलं, कारण ज्यांनी होकार दिला नव्हता त्यांच्यावर ते लादलं गेलं. शिवाय चारही चौकटी भरून टाकल्यावर बघणाऱ्याच्या कल्पनेला करायला काहीच उरलं नाही. ‘रोझमेरीज बेबी’च्या बाबागाडीशेजारी हे फलक ठेवून पाहिले की कलेचा आणि नीतीचा निकाल एकाच बाजूने लागतो. हा योगायोग नसावा.

आजच्या विद्यार्थ्याचं पोस्टर भिंतीपेक्षा फोनवर जास्त फिरतं, आणि फोनवर चित्र कापायला एक बोट पुरतं. ही गोष्ट भारताने फार मोठी किंमत देऊन शिकली. कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या अपहरणाविरुद्ध जागृतीसाठी छोटी फिल्म केली होती. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलतात. शेवटी ते त्याला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. भारतात २०१८ साली ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली तेव्हा तो शेवट कुणीतरी कापलेला होता. उरलं ते नुसतं अपहरण. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवांनी देश पेटलेला होता, आणि त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या गावापर्यंत कोणती अफवा कोणत्या रूपात पोचली हा तपासाचा भाग. पण एका चांगल्या हेतूच्या फिल्ममधून ‘हे नाटक आहे’ सांगणारे काही सेकंद गळले की ती काय होऊन बसते, हे त्या वर्षाने उघड्यावर दाखवलं.

म्हणून ‘बेपत्ता’ पत्रकाची कल्पना सुचलेल्या विद्यार्थ्याला ती टाकून दे म्हणण्यापेक्षा ती कशी करावी हे दाखवणं बरं. पत्रक छापायचं, पावसात भिजवायचं, एका कोपऱ्यात फाडायचं, कॉलेजमागच्या वडाच्या बुंध्याला खिळ्याने ठोकायचं, आणि मग त्या झाडासकट त्याचा फोटो काढायचा. शीर्षक तळाशी सुटं ठेवायचं नाही. ते पत्रकातल्या चेहऱ्यावरूनच आडवं जाऊ द्यायचं, म्हणजे कुठूनही कापलं तरी अक्षरं चेहऱ्याबरोबर राहतील. पत्रकावर नाव पात्राचं, चेहरा देणाऱ्या मैत्रिणीचं नाही. पोलीस ठाण्याचा शिक्का किंवा खरा फोन नंबर तर नाहीच. आता हे पत्रकाचं चित्र झालं. त्याच्याकडे बघून कुणी शोधायला निघणार नाही, आणि अंगावर काटा यायचा तो येईलच. भिजून पसरलेल्या शाईत तेवढं बळ असतं. मैत्रिणीला विचारायचं, आणि नुसतं ‘फोटो वापरू का’ एवढंच नाही. हा चेहरा मेलेली मुलगी म्हणून तिच्या मामाच्या फोनवर पोचला तर चालेल का, हेही विचारायचं. तिच्या उत्तरावर पोस्टर बदलावं लागलं तर बदलायचं.

चेहरा देणाऱ्याचा हा हक्क किती काळ टिकतो, याची चर्चा ‘ब्लेअर विच’च्या निमित्ताने पंचवीस वर्षांनीही झाली. २०२४च्या एप्रिलमध्ये लायन्सगेट आणि ब्लमहाउस या कंपन्यांनी याच कथेवर नवा चित्रपट काढायचं जाहीर केलं, तेव्हा ते तिघं नट जाहीरपणे पुढे आले. हेदर डोनाह्यूने दरम्यानच्या काळात स्वतःचं नावच बदललं होतं; ती आता रे हान्स म्हणून ओळखली जाते. तिघांनी लायन्सगेटकडे तीन मागण्या केल्या. एक, पूर्वीच्या कामाचा न्याय्य मोबदला. दोन, पुढे ज्या कुठल्या चित्रपटात, खेळात किंवा जाहिरातीत त्यांची नावं किंवा चेहरे वापरले जातील, तिथे त्यांचा सल्ला घेतला जावा. तिसरी मागणी त्यांच्या स्वतःसाठी नव्हती: पहिला चित्रपट करू पाहणाऱ्या एखाद्या अनोळखी दिग्दर्शकाला दरवर्षी ६० हजार डॉलरांचं अनुदान द्यावं. त्यांच्या हिशेबाने १९९७मध्ये त्या जंगलातल्या चित्रपटाला एवढाच खर्च आला होता.